हिवाळ्यात भरणारी नदी

दुसऱ्याचे नुकसान करू नये, हा नियम आपणांस लहानपणीच शिकविला जातो आणि तो समजावयास कठीण नाही. नुकसान झालेला माणूस समोर उभा असतो, त्याची तक्रार कानी पडते, मग आपली सदसद्विवेकबुद्धी जागी होते आणि भरपाईचा विचार मनात येतो. परंतु एखादे नुकसान प्रथम लाभाचे रूप घेऊन येत असेल, त्याविषयी कोणी तक्रार करीत नसेल, उलट काही काळ त्यात सर्वांना सोयच वाटत असेल, तर त्या नुकसानीची नैतिक जबाबदारी कोणावर आणि केव्हापासून येते? हा प्रश्न केवळ वर्गात चघळण्याचा नाही. आशियाच्या उंच पठारावर उगम पावणाऱ्या नद्यांच्या बाबतीत तो आज प्रत्यक्ष उभा राहिला आहे. त्याचा विचार आपल्या ख्रिस्ती कुटुंबांनीही करावा, असे आम्हांस वाटते.

भूमीच्या पोटातील बर्फ

तिबेटचे पठार सरासरी चार हजार मीटरहून अधिक उंच आहे. तेथील हिमशिखरांची आणि हिमनद्यांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. हिमनदी मागे हटली की ती डोळ्यांना दिसते. जुने छायाचित्र आणि नवे छायाचित्र शेजारी ठेवले की लहान मुलालाही फरक कळतो. परंतु त्या पठारावर दुसरेही बर्फ आहे आणि ते कोणाला दिसत नाही. ते जमिनीच्या पोटात आहे. जी जमीन सलग दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ शून्य अंश सेल्सिअस वा त्याखाली राहते, तिला शास्त्रज्ञ पर्माफ्रॉस्ट म्हणतात. आम्ही येथे तिला चिरगोठित भूमी म्हणू. तिबेटच्या पठारावर अशी भूमी सुमारे १० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या तिपटीहून अधिक क्षेत्रावर पसरलेली आहे. तिच्या मातीत आणि खडकांच्या भेगांत साठलेले बर्फ त्याच पठारावरील हिमनद्यांतील बर्फाहूनही अधिक असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

या भूमीचा वरचा थर दर उन्हाळ्यात वितळतो व दर हिवाळ्यात पुन्हा गोठतो. त्याची जाडी स्थळपरत्वे एक ते तीन-चार मीटर असते. त्याखालची जमीन मात्र बारमाही घट्ट असते. पावसाचे किंवा वितळलेल्या हिमाचे पाणी त्या घट्ट थरापर्यंत झिरपते आणि तेथेच अडते. घागरीला बूड असावे तसे हे बूड आहे. त्या बुडामुळे पाणी वरच्यावर राहते. त्यावर पाणथळ जागा, लहानमोठी तळी आणि आखूड मुळांच्या गवताची दाट कुरणे जगतात. त्या कुरणांवर याक आणि मेंढ्या चरतात. आणि त्यांवर तिबेटी गुराख्यांचा संसार चालतो.

चीनच्या चिंगहाई प्रांतात होआंग हो अर्थात पीत नदी, यांगत्सी आणि मेकाँग या तीन महानद्यांचे उगम एकमेकांपासून फार दूर नसलेल्या प्रदेशात आहेत. २०२१ मध्ये तेथे तीन नद्यांच्या उगमाचे राष्ट्रीय उद्यान अधिकृतपणे स्थापन झाले. पीत नदी झालिंग आणि एलिंग या समुद्रसपाटीपासून चार हजार दोनशे मीटरहून उंच असलेल्या जोडसरोवरांतून पुढे वाहते. तिच्या उगमप्रदेशाचे क्षेत्र संपूर्ण खोऱ्याच्या सुमारे सहाव्या हिश्श्याइतके आहे. परंतु नदीला मिळणाऱ्या एकूण पाण्यापैकी सुमारे एक तृतीयांश पाणी तेथूनच येते. तेथे जमिनीखाली जे घडते, ते खालच्या सपाट प्रदेशातील कोट्यवधी लोकांच्या ताटापर्यंत पोहोचते.

पाणी वाढते ते कोठून?

या पठारावरील चिरगोठित भूमीचे एक वैशिष्ट्य असे की ती फारशी थंड नाही. उत्तर ध्रुवाजवळील भूमी शून्याखाली आठ-दहा अंशांपर्यंत गोठलेली असू शकते; येथे मात्र पुष्कळ ठिकाणी ती शून्याच्या जेमतेम एक-दोन अंश खाली आहे. त्यामुळे हवा थोडी तापली तरी ती सैल पडू लागते. गेल्या काही दशकांत हे पठार जगाच्या सरासरीहून अधिक वेगाने तापले आहे. उन्हाळ्यात वितळणारा वरचा थर जाड होत चालला आहे आणि जेथे गोठलेला थर पातळ होता, तेथे तो नाहीसाही झाला आहे.

असे झाले म्हणजे नदीवर काय परिणाम होतो? घागरीच्या बुडाला चीर पडावी तसे काहीसे घडते. पूर्वी जे पाणी वरच्यावर अडून लवकर ओढ्यानाल्यांत उतरत असे, ते आता खोल मुरते. भूमीच्या आतील वाटांनी ते सावकाश पुढे सरकते आणि पुष्कळ उशिरा, कित्येकदा थंडीच्या महिन्यांत, नदीला मिळते. उन्हाळ्यातील पुराचा जोर काहीसा कमी होतो व हिवाळ्यातील प्रवाह वाढतो. शिवाय वितळलेल्या जुन्या बर्फाचे थोडेसे पाणीही त्यात येऊन पडते. हिवाळी प्रवाहातील ही वाढ सैबेरियातील लेना यांसारख्या नद्यांत स्पष्टपणे नोंदविली गेली आहे. तिबेटच्या पठारावरील आणि त्याच्या कडेच्या कित्येक खोऱ्यांतही ती आढळली आहे.

नदीकाठी राहणाऱ्या माणसाला यात वाईट ते काय दिसावे? ज्या महिन्यांत नदी रोडावत असे, त्या महिन्यांत ती भरलेली आहे. पूरही पूर्वीइतका अंगावर येत नाही. तो देवाचे आभारच मानील.

परंतु त्याच वेळी वर कुरणात दुसरी गोष्ट घडत असते. भूजलाची पातळी गवताच्या मुळांच्या आवाक्याबाहेर जाते. पाणथळ जागा आक्रसतात. लहान तळी, ज्यांचे बूडच बर्फाचे होते, ती आटतात. उतारावरची ओली माती घसरते. दाट कुरणाच्या जागी विरळ गवत आणि मग वाळू दिसू लागते. पुढे ज्या खोऱ्यात वितळण्यासारखे बर्फ उरत नाही आणि पाणी खोल मुरण्याची नवी वाट पक्की होते, तेथे नदीचा प्रवाह सर्वस्वी त्या त्या वर्षीच्या पावसावर आणि हिमावर सोपविला जातो. जुने बर्फ दुष्काळात जो थोडा आधार देत असे, तो संपलेला असतो.

आम्ही हे चित्र सोपे करून मांडले आहे. प्रत्यक्षात प्रत्येक खोरे निराळे आहे. कोठे पाऊस वाढल्याने नदी फुगते, कोठे बाष्पीभवनाने ती आटते, कोठे हिमनदीचे पाणी मिसळते, तर कोठे धरण बांधलेले असते. त्यामुळे एखाद्या नदीतील बदलाचा किती भाग चिरगोठित भूमीच्या वितळण्याने झाला, हे सांगणे अवघड असते. हा अवघडपणाच पुढील नैतिक प्रश्नाचा एक भाग आहे.

उत्पन्न आणि ठेव

घरातील कर्ता पुरुष दरमहा पगार आणतो आणि त्याच्या वडिलांनी बँकेत काही ठेव ठेवलेली आहे, असे समजा. एखाद्या वर्षी घरात पैसा अधिक खेळू लागला. मुलांना नवे कपडे आले, घराला रंग लागला. शेजारी म्हणाले, यांचे बरे चालले आहे. परंतु पगार वाढलेला नव्हता. ठेव मोडून आणलेले पैसे खर्च होत होते. हातातील नोट पाहून ती पगाराची की ठेवीची हे कळत नाही. ते कळण्यासाठी बँकेचे पुस्तक उघडून पाहावे लागते, आणि ते उघडण्याची इच्छा असावी लागते.

हिवाळ्यात वाढलेल्या नदीविषयीचा पहिला नैतिक मुद्दा आम्हांस येथे दिसतो. ते पाणी पिणे हे पाप नव्हे. तहानलेल्याने समोरचे पाणी प्यावेच. शेतकऱ्याने ते शेताला द्यावेच. दोष सुरू होतो तो ठेवीला उत्पन्न म्हणण्यापासून. वाढलेला प्रवाह हाच नदीचा कायमचा प्रवाह, असे मानून त्यावर कालवे काढावे, वीजप्रकल्प आखावे, नवी शहरे वसवावी, शेजारच्या राज्याला पाण्याचा वाटा लिहून द्यावा, आणि तो आकडा आपल्या नातवंडांच्या नावे मांडून ठेवावा, हा हिशेब खोटा आहे. खोटा हिशेब अजाणता लिहिला गेला तर ती चूक होय. पुस्तक उघडण्याचे टाळून लिहिला गेला तर ती अप्रामाणिकता होय.

पवित्र शास्त्रातील योसेफाची कथा आपणांस ठाऊक आहे. मिसर देशात सात वर्षे सुबत्तेची आली. त्या सात वर्षांत योसेफाने लोकांना जेवू नका असे सांगितले नाही. त्याने एवढेच केले, की सुबत्तेला सुबत्ताच म्हटले, तिला नित्याची स्थिती म्हटले नाही, आणि पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात घातला. आमच्या प्रसंगात गोष्ट उलटी आहे. योसेफ अधिकाच्या वर्षांत कोठार भरीत होता. आपण कोठार रिकामे होत असताना त्यालाच अधिकाची वर्षे समजत आहोत.

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाची अंगे सांगताना दूरदृष्टीला त्यांत मोठे स्थान दिले आहे. त्यांच्या मते विवेक म्हणजे केवळ सावधपणा नव्हे. आज हाती असलेल्या गोष्टी योग्य त्या अंतिम हेतूकडे वळविणे म्हणजे विवेक. आज काय दिसते यावरच जो थांबतो, तो माणूस सज्जन असला तरी विवेकी नव्हे. सज्जनपणा आणि विवेक यांतील हे अंतर आपण पुष्कळदा विसरतो आणि हेतू चांगला होता एवढ्यावर समाधान मानतो.

झुडपाआडची हालचाल

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. शास्त्रज्ञांनाच जर प्रत्येक नदीविषयी खात्रीने सांगता येत नाही, तर सामान्य माणसाने आपल्या वागणुकीला मुरड का घालावी? शंकेपोटी आजच्या गरिबाचा घास काढून घेणे हाही अन्याय नव्हे काय?

नीतिशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत शिकाऱ्याचे एक उदाहरण येत असे. सेमिनरीत शिकलेल्या प्रत्येकाने ते ऐकलेले असते. शिकारी रानात उभा आहे. झुडपाआड काही हालते. हरीण असण्याचा संभव पुष्कळ आहे, परंतु माणूसही असू शकेल. त्याने बाण सोडावा काय? संशयाच्या बाबतीत माणसाला किती मोकळीक असावी यावर ख्रिस्तसभेतील पंडितांनी शतकानुशतके वाद घातला. काही कडक होते, काही सौम्य होते. परंतु या एका उदाहरणावर कडकांचे आणि सौम्यांचे एकमत होते. जेथे दुसऱ्याच्या प्राणाचा प्रश्न आहे, तेथे बहुधा हरीणच असेल एवढे म्हणून चालत नाही. संशय फिटेपर्यंत हात आवरला पाहिजे. संशयाचा फायदा शिकाऱ्याला नव्हे, झुडपाआड जो असेल त्याला मिळाला पाहिजे.

झुडपाआड माणूस असू शकतो, हे दाखविणारी घटना आपल्याच देशात घडली. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री उत्तर सिक्कीममध्ये सुमारे ५,२०० मीटर उंचीवरील दक्षिण ल्होनाक सरोवराच्या काठचा गोठलेला उतार सरोवरात कोसळला. त्याविषयीचा सविस्तर अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे १ कोटी ४७ लाख घनमीटर गोठलेली माती आणि दगड पाण्यात पडले, सुमारे २० मीटर उंचीची लाट उसळली, सरोवराचा बांध फुटला आणि सुमारे ५ कोटी घनमीटर पाणी तीस्ता नदीत लोटले. चुंगथांग येथील मोठे धरण वाहून गेले. शंभराहून अधिक माणसे मृत्यू पावली वा बेपत्ता झाली, आणि पुराचा परिणाम खाली बांगलादेशापर्यंत जाणवला. या दुर्घटनेची कारणे एकाहून अधिक होती: हिमनदी मागे हटल्याने सरोवर वाढले होते, उताराचा आधार गेला होता आणि तापमानवाढीने गोठलेली माती सैल झाली होती. जे बर्फ पाणी धरून ठेवते, तेच डोंगरही धरून ठेवते. ते सुटले म्हणजे नदी शांतपणे थोडी थोडी वाढेलच असे नाही. ती एका रात्रीतही वाढू शकते.

आजच्या गरिबाच्या घासाचा प्रश्न मात्र उरतोच, आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. हात आवरण्याचा उपदेश ज्याच्या हाती बाण नाही त्यालाच केला जावा, असे पुष्कळदा घडते.

ऋण कोणाचे?

चिंगहाईच्या उगमप्रदेशात २००५ च्या सुमारास सुरू झालेल्या सरकारी संरक्षण योजनेखाली हजारो तिबेटी गुराखी कुटुंबांना कुरणे सोडून नव्या वसाहतींत राहण्यास नेण्यात आले. अति चराईने कुरणे उजाड झाली, असे त्यामागील एक प्रमुख कारण सांगण्यात आले. चराईचा काही वाटा असेलही. परंतु कुरणाखालची भूमी वितळल्यानेही गवत मरते, हे पुढील अभ्यासांनी दाखविले आहे. जगाची हवा तापविण्यात ज्यांचा वाटा सर्वांत कमी, त्यांनाच घर सोडावे लागले आणि वर दोषही त्यांच्याच माथी आला. मोटारी, कारखाने आणि वीजकेंद्रे यांनी तापलेल्या हवेचा दंड याकपालकाने भरावा, हे न्यायाच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहावे. गोल्मूदहून ल्हासाला जाणारा रेल्वेमार्ग १ जुलै २००६ रोजी सुरू झाला. तो सुमारे ५५० किलोमीटर चिरगोठित भूमीवरून जातो. जमीन वितळली तर रूळ खचतील हे अभियंत्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी रुळांच्या कडेला जमिनीतील उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या हजारोंनी रोवल्या, भरावाखाली हवा खेळती राहील असे दगडांचे थर घातले, आणि काही ठिकाणी तर जमिनीला न टेकता पुलांवरून मार्ग नेला. भूमी गोठलेली राहावी म्हणून मनुष्याने एवढा खर्च केला. तो खर्च अयोग्य होता असे आमचे म्हणणे नाही. प्रवाशांचा जीव मोलाचा आहे. परंतु यावरून एक गोष्ट कळते. ज्या भूमीचे वितळणे आपल्या मालमत्तेला बाधते, तिची आपण काळजी घेतो. जिचे वितळणे केवळ नदीला, कुरणाला आणि अजून न जन्मलेल्या माणसाला बाधते, ती आपल्या हिशेबाच्या वहीत नसते. ज्ञान कमी पडले असे म्हणण्यास तेथे जागा उरत नाही.

मग आपले, म्हणजे हा अंक वाचणाऱ्या कुटुंबांचे काय? भारतात दरडोई कार्बन वायूचे उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, आणि श्रीमंत राष्ट्रांनी गेल्या दोनशे वर्षांत हवेत जे सोडले त्याचा जाब त्यांनीच प्रथम दिला पाहिजे, हे खरे आहे. परंतु देशाची ती सरासरी कमी कोणामुळे आहे? ज्यांच्या घरी अजून पंखाही धडपणे चालत नाही, जे पायी कामावर जातात, त्यांच्यामुळे. आपल्यापैकी जे सुस्थितीत आहेत, ज्यांच्या घरी दोन-दोन वाहने आणि खोलीखोलीत वातानुकूलन आले आहे, लग्नसमारंभासाठी ज्यांचे मांडव रात्रभर शेकडो दिव्यांनी उजळतात, त्यांनी गरिबांच्या सरासरीआड लपणे शोभत नाही. ज्या गरिबाच्या मिताहाराचा आपण आकडा दाखवितो, त्याच्याशी आपले वर्तन जुळत नसेल, तर तो आकडा आपला नव्हे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हवामान ही सर्वांची समाईक संपत्ती आहे, असे शिकविले. ध्रुवप्रदेशातील बर्फाबरोबरच उंच पठारांवरील वितळण्याचा आणि त्यातून सुटणाऱ्या मिथेन वायूच्या धोक्याचाही त्यांनी त्यात उल्लेख केला आहे. पुढील पिढ्यांविषयीचे आपले कर्तव्य ही मर्जीची गोष्ट नसून न्यायाची गोष्ट आहे, हाही त्याच परिपत्रकाचा बोध आहे. दया केली नाही तर आपण कठोर ठरतो. न्याय केला नाही तर आपण ऋणको ठरतो. या दोहोंत मोठे अंतर आहे.

परत न करता येणारी वस्तू

ऋण म्हटले म्हणजे परतफेड आली. जक्कय जकातदाराने प्रभूला घरी उतरवून घेतले, तेव्हा त्याने केवळ पश्चात्ताप व्यक्त केला नाही. ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत देईन, असे तो म्हणाला. ख्रिस्तसभेची शिकवण हीच आहे. चोरीची क्षमा मागणाऱ्याने शक्य असेल तर चोरलेली वस्तू परत केलीच पाहिजे. धर्मगुरूकडे पापनिवेदन करून वस्तू घरात ठेवता येत नाही.

चिरगोठित भूमीच्या बाबतीत अडचण येते ती येथे. तिचा मोठा भाग हिमयुगातील आणि त्यानंतरच्या थंड कालखंडांतील ठेव आहे. तो साचण्यास सहस्रावधी वर्षे लागली. उद्या सर्व राष्ट्रांना सुबुद्धी होऊन हवेचे तापमान वाढावयाचे थांबले, तरी एकदा वितळलेला थर आपल्या नातवंडांच्या हयातीत पूर्ववत होणार नाही. तोडलेले झाड पुन्हा लावता येते, घाण केलेली विहीर उपसता येते. परंतु हे बूड पुन्हा बसविता येत नाही. कित्येकदा नदीचे पाणीच पालटते. अलास्कातील ब्रुक्स पर्वतराजीत गेल्या काही वर्षांत ७५ ओढे आणि नद्या नारिंगी रंगाच्या झालेल्या आढळल्या. तेथील गोठलेल्या भूमीत बंद असलेली खनिजे उघडी पडली आणि त्यांतील लोह व आम्ल पाण्यात उतरले, असे संशोधकांनी २०२४ मध्ये दाखविले. ज्या निर्मळ ओढ्यांत मासे वाढत, त्यांचे पाणी असे होऊन बसले.

जी वस्तू परत करता येत नाही, ती घेण्यापूर्वी माणसाने अधिक विचार केला पाहिजे, असे आम्हांस या सर्व विवेचनातून म्हणावयाचे आहे. परतफेड अशक्य असणे ही सवलत नव्हे. कर्ज बुडालेच आहे, मग आणखी काढू, असे म्हणणारा माणूस आपण दारात उभा करीत नाही. जे अजून गोठलेले आहे ते राखणे, आणि जे गेले त्याचा भार ज्यांच्यावर पडला त्यांना आधार देणे, एवढेच भरपाईचे मार्ग आता शिल्लक आहेत. परंतु ते मार्ग खरे आहेत.

त्यासाठी पहिली आवश्यकता आहे ती हिशेबाचे पुस्तक उघडण्याची: उंच खोऱ्यांत भूमीचे तापमान आणि हिवाळ्यातील प्रवाह वर्षानुवर्षे मोजणे, आणि प्रकल्पांची आखणी करताना फुगलेल्या वर्षांचा आकडा गृहीत न धरणे. दुसरी आवश्यकता आहे ती न दिसणाऱ्या ठेवीला कायद्याने नाव देण्याची. अर्जेंटिना देशाने २०१० मध्ये एक कायदा केला. आंदीज पर्वतातील हिमनद्यांबरोबरच दगडामातीखाली गोठलेल्या भूभागालाही त्यात पाण्याची राखीव ठेव मानून संरक्षण देण्यात आले. त्या कोरड्या डोंगराळ प्रदेशात नद्यांना जे थोडे पाणी मिळते, त्यातील काही अशा भूमीतून येते. खाणउद्योगाने त्या कायद्याला आव्हान दिले; २०१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. कायदा शिथिल करण्याची मागणी त्यानंतरही जोर धरीत आली. तरी डोळ्यांना दिसत नाही ते अस्तित्वातच नाही असे एका राष्ट्राच्या संसदेने मानले नाही, याचे मोल आहे.

तिसरी आवश्यकता आपल्या घरातील आहे. तिबेटच्या पठारावरची भूमी आपण जाऊन थंड करू शकत नाही. परंतु आपल्या खर्चात जे केवळ मिरविण्यासाठी आहे ते ओळखणे आणि सोडणे, आणि आपल्या धर्मग्रामातील संस्थांच्या इमारती, समारंभ व प्रवास यांकडे त्याच दृष्टीने पाहणे, हे आपल्या हाती आहे. याने नदीवर किती परिणाम होईल असे कोणी विचारील. एका घराने फार थोडा होईल. परंतु एका घराच्या मतदानाने निवडणूक जिंकली जात नाही म्हणून आपण मतदान सोडीत नाही. ते आपले कर्तव्य आहे म्हणून करतो, आणि तसे करणाऱ्यांची संख्या वाढली की निकालही बदलतो.

मिस्साबलीच्या आरंभी आपण विचाराने, शब्दाने आणि कृतीने केलेल्या पापांबरोबर कर्तव्य न केल्याच्या पापाचीही कबुली देतो. त्या शेवटच्या शब्दावरून आपली जीभ बहुधा वेगाने पुढे जाते, कारण त्या पापाला साक्षीदार नसतो. उंच पठारावर भूमीच्या पोटात जे चालले आहे त्यालाही साक्षीदार थोडे आहेत: काही शास्त्रज्ञ, त्यांनी जमिनीत पुरलेले तापमापक, आणि कुरण पिवळे पडताना पाहणारे गुराखी. खाली नदी भरून वाहत आहे. ती कशाने भरली आहे हे आता आपणांस कळले आहे, आणि कळल्यानंतर आपली जबाबदारी पूर्वीइतकीच राहत नाही.